मागच्या चाकाचा आवाज आणि रांझीचे मामा

जबलपूरला जाऊन आले म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात तो भेडाघाटचा. संगमरवराचे कडे पाहिले का, नावेत बसलात का, धबधब्याचा फोटो आहे का. मी सांगते, नाही. भेडाघाटच्या पाटीवरून दोनदा गेले आणि दोन्ही वेळा न थांबता. मग सहा दिवस पाहिलं काय? गाडीचं मागचं चाक पाहिलं. यावर समोरच्याचा चेहरा असा काही पडतो की मलाच त्याची दया येते. प्रत्येकाला उभ्या उभ्या सगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहूनच काढावं म्हणून बसले आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर मला चैन पडणार नाही. नाशिक ते जबलपूर आणि परत, गाडी मी एकटीने चालवली. शेजारच्या सीटवर सत्तर वर्षांची आई. नवऱ्याचं म्हणणं होतं की रेल्वेने जावं, आईंना त्रास नको. त्याने तसं म्हटल्यावर तर रेल्वेचा प्रश्नच उरला नाही. निघायच्या आधी मी गाडीचं सगळं करून घेतलं. ऑइल, ब्रेक, वायपरचं पाणीसुद्धा. आदल्या दिवशी टायरच्या दुकानात तासभर उभी राहून चाकांचंही सगळं यथासांग करून घेतलं. मी कॉलेजात अकरावीला फिजिक्स शिकवते. यंत्राच्या बाबतीत माझ्याकडून हलगर्जीपणा होत नाही, असं तेव्हा माझं मत होतं.

जायचं कारण मामा. आईचे थोरले भाऊ, देविदासमामा. आजोबा भंडाऱ्याकडून जबलपूरला गेले आणि तिथलेच झाले. मामा रांझीच्या मोठ्या कारखान्यात लागले. त्यांच्या पहिल्या पगारातून आईचं मॅट्रिक झालं, पुढे डी.एड. झालं. आई शिक्षिका झाली म्हणून मी शिकले. आमच्या घरात हे कुणी बोलून दाखवत नाही, पण विसरतही नाही. तर हे मामा गेलं वर्षभर फोनवर येत नव्हते. आईने फोन केला की मामी म्हणायच्या, ते विहारात गेलेत, ते झोपलेत, ते अंघोळीला गेलेत. "माझ्यावर रुसला तो," असं आईने ठरवून टाकलं. कशावरून रुसला ते काही तिला आठवेना. शेवटी जानेवारीत म्हणाली, मला घेऊन चल, त्याच्या तोंडून ऐकते.

नागपूरच्या पुढे

नाशिक ते नागपूर हा रस्ता तुम्हीही पाहिला असेल, नसला तरी काही बिघडत नाही. नागपूरला आईच्या मैत्रिणीकडे मुक्काम केला आणि सकाळी पुढे निघालो. शहर मागे पडलं तशी आईची भाषा बदलायला लागली. नाशिकमध्ये पंचेचाळीस वर्षं "का गं" म्हणणारी माझी आई "काहून" म्हणू लागली. मध्येच "अच्छा", मध्येच "चलो". माहेर जवळ येतं तशी बाई वयाने लहान होत जाते, हे मी शेजारच्या सीटवर प्रत्यक्ष पाहिलं.

शिवनीच्या अलीकडे पेंचचं जंगल लागतं. तिथे रस्ता खांबांवर उचलून घेतलाय, खालून जनावरं जातात. गाड्यांचा गोंगाट आणि उजेड त्यांच्यापर्यंत जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना उंच भिंती लावल्यात. आम्ही त्या भिंतींच्या मध्ये शिरलो आणि मागून एक घुंऽऽ घुंऽऽ असा आवाज यायला लागला. वाघाला ऐकू जाऊ नये म्हणून बांधलेल्या भिंतींनी आमच्या गाडीचा आवाज आम्हालाच परत ऐकवला होता.

"गाडी रडून राहिली तुझी," आई म्हणाली.

"रस्त्याचा आवाज आहे तो."

"रस्ता काही मागून रडत नाही."

भिंती संपल्या तरी आवाज गेला नाही. उलट एकदा कानात बसल्यावर तो आता पाठच सोडेना. मी रेडिओ बंद केला, काचा वर करून पाहिल्या, खाली करून पाहिल्या, उतारावर गाडी न्यूट्रल केली. चाळीसला गप्प, साठला भुंगा, ऐंशीला दूरच्या पिठाच्या गिरणीसारखा. म्हणजे इंजिनाचा नाही, चाकाचा. मागच्या चाकाचा. इथपर्यंत माझं फिजिक्स पुरलं. ध्वनीचा धडा मी वर्षानुवर्षं शिकवते, पण त्यात एकही मागचं चाक नाही.

आई मात्र खूश झाली. "दादाले दाखवू. तो कान लावून सांगेल." आणि मग लखनादौनच्या चहापर्यंत मामांच्या कानाच्या गोष्टी. कारखान्यातून मोठमोठे ट्रक बाहेर पडायचे, त्यांचा मागचा अ‍ॅक्सल मामा एका लाकडी दांडीने ऐकायचे. ठीक असेल तर खडूने बरोबरची खूण. नसेल तर गोल, आणि तो ट्रक परत आत. साहेब म्हणायचे मशीनवर बरोबर दिसतंय, मामा म्हणायचे पुन्हा उघडा. उघडलं की मामाच खरे निघायचे. या गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि दर वेळी त्यातला साहेब जरा जास्त वरचा असतो. पण त्या दिवशी घुंऽऽ आवाजाच्या तालावर ऐकताना मलाही छाती फुगल्यासारखं झालं. चला, आपल्या घरचा माणूस आहे, आता काळजी नाही.

तिलवाराच्या पुलावर आईने काच खाली करायला लावली आणि नर्मदा संपेपर्यंत मान बाहेर वळवून पाहत राहिली. तेवढा वेळ आवाजसुद्धा मला कमी वाटला.

रांझी

रांझीत शिरलो तेव्हा कारखान्याची पाळी सुटत होती. सायकली आणि मोटरसायकलींच्या त्या लोंढ्यात माझी नाशिकची नंबरप्लेट बघून चार जणांनी न विचारता वाट दाखवली. "दीदी, इधर से लो, दीदी, आराम से." मामांच्या गल्लीच्या तोंडाशी विहार आहे, त्याला लागून तिसरं घर. मामा फाटकातच उभे होते. शहात्तरचं वय, पण पाठ ताठ, स्वेटरवर कडक इस्त्रीची कॉलर.

"जय भीम मामा!"

"जय भीम, जय भीम. आली पोरी? वा!"

आपल्याकडे पाहुण्याला आधी विचारतात, चहा घेणार का, आणि तो बिचारा आधी नको म्हणतो. रांझीत विचारायची पद्धतच नाही. चपला काढेपर्यंत माझ्या हातात मंगोड्यांची बशी होती. मुगाच्या डाळीचे कुरकुरीत वडे, वरून तिखट चटणी. ते संपेपर्यंत काळी कुळकुळीत खव्याची जिलेबी आली. गोडावर तिखट की तिखटावर गोड असं विचारायची सोय नाही, दोन्ही एकाच वेळी चालू असतं.

आई मात्र मंगोडा हातात धरून बसली होती. तिने सरळ विचारलं, "दादा, फोनवर काहून येत नाही तू?"

मामा हसून म्हणाले, "हो हो. चांगला झाला न प्रवास?"

"मी काय विचारून राहिली? माझ्यावर रागावला काय?"

"आधी खाऊन घे. मग बोलू."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मामींकडे पाहिलं. मामींनी मान खाली घातली आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या. आम्ही दोघी त्यांच्या मागे.

"वर्ष होऊन गेलं शकुबाई," मामी म्हणाल्या. "कान गेले त्यांचे. थोडंफार समजते, तोंडाकडे पाहून. मशीन आणली कानाची, दोन दिवस लावली. म्हणे, कागद चुरगळल्यासारखं वाजते. डब्यात ठेवून दिली. बाजार बंद, विहार बंद. म्हणे, लोक एक विचारतात, मी दुसरंच सांगतो, मग हसतात. तुमचा फोन आला का मले खोटं बोला लागते."

"मले सांगायचं नाही?"

"त्यांनीच सांगितलं, शकूले सांगू नको. जिच्यासमोर कानाची बढाई मारली, तिले काय सांगू म्हणे."

आई तिथेच पाटावर बसली. वर्षभर ती स्वतःची चूक शोधत होती, आणि चूक कुणाचीच नव्हती. मला वाटलं रडेल. पण ती चिडली, आणि चिडलेली आई मला रडणाऱ्या आईपेक्षा नेहमीच बरी वाटते.

चहानंतर मी मोठ्याने, तोंड समोर धरून म्हटलं, "मामा, गाडीच्या मागच्या चाकातून आवाज येतोय. तुम्ही बघाल?" त्यांना कळलं. ते उठून आतल्या खोलीत गेले आणि एक लाकडी दांडी घेऊन आले. हातभर लांब, सागवानी, एका टोकाला लोखंडी टोपी, दुसऱ्या टोकावर बारीक बारीक खड्डे. ते खड्डे दातांचे होते. ही ती दांडी. मला वाटत होतं की ते ती कानाला लावायचे. ते ती दातात धरायचे.

"घे," मामा म्हणाले. "ने नाशिकले. तू सायन्सची मास्तरीण, पोरांना दाखव. इथं काय, पडूनच आहे. माझं काम संपलं."

मी नको नको म्हटलं तर त्यांना ऐकू आलं नाही, किंवा त्यांनी ऐकलं नाही. त्यांच्यासमोर मी ती डिकीत ठेवली. रात्रीच्या जेवणात मटाराची उसळ आणि गक्कड-भरता होता, म्हणजे निखाऱ्यावरची बाटी आणि वांग्याचं भरीत. इतकं सुंदर जेवण आणि आई ताट बाजूला सरकवून बसली. म्हणाली, माणूस असं आपलंच सामान वाटायला लागला म्हणजे काय समजायचं?

ओमती

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन ओमतीला, शहरातल्या गॅरेजांच्या भागात गेले. मामींनी पत्ता दिला होता, दुकानदार मुन्ना भैया. पन्नाशीचा माणूस, कानावर पेन्सिल, बोलणं अगदी अदबीचं. त्याने एक चक्कर मारून आवाज ऐकला. मग गाडी उचलून मागची चाकं हाताने फिरवली, हलवली.

"दीदी, हाल में गाड़ी में कुछ काम करवाया था?"

आता यात रागावण्यासारखं काय होतं? पण मला वाटलं हा माझी गाडी खटारा ठरवतोय. मी म्हटलं, "काम? कुछ नहीं. गाड़ी एकदम फिट निकली थी घर से. मैं खुद देखती हूँ सब."

"तो फिर बेयरिंग गई दीदी. दोनों तरफ की, पीछे वाली. माल कल दोपहर तक मँगा दूँगा. तब तक ज़्यादा मत चलाइए."

माणूस लबाड नव्हता. जे विचारलं त्याचं जे उत्तर मिळालं, त्यावरून दुसरं कुणीही हेच म्हणालं असतं. मी हो म्हणून आले.

घरी आईने मामांना ओरडून ओरडून सगळं सांगितलं. तू बघ म्हणून मागे लागली. मामा मटार सोलत होते. जानेवारीत या गावात प्रत्येक घरात संध्याकाळी सगळे मटार सोलत बसलेले असतात, घरी आलेल्यापुढेही शेंगांचं एक सूप सरकवतात. मामांनी मान हलवली. "गाडी कानानं पाहतात शकू. डोळ्यानं पाहणारे ओमतीले बसले आहेत." विषय संपला.

गल्ली

तिसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जिलेबी झाल्यावर मी गाडी वळवून ठेवायला गेले. गल्ली अरुंद, म्हणून मामा मागे उभे राहिले, "आने दो, आने दो" करत, डिकीवर हात टेकवून. कुणाचीही गाडी मागे येत असली की भारतातला कुठलाही पुरुष हे करतोच. मी गाडी मागे घेतली, मग पुढे घेतली. मामांनी हात काढलाच नाही. गाडीबरोबर चालत राहिले. मी आरशात पाहिलं तर त्यांचा चेहरा बदलला होता. भुवया वर, ओठ घट्ट, डोळे मिटलेले.

"पुन्हा घे," ते म्हणाले.

पुन्हा घेतली. आता त्यांनी दोन्ही तळवे मागच्या चाकाच्या वर पत्र्यावर ठेवले आणि वाकून चालू लागले.

"पुन्हा."

चार वेळा गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. विहारासमोर फुलं घेऊन निघालेल्या दोन बायका थांबून बघू लागल्या. मामा वर्षभरात पहिल्यांदा घराबाहेर इतका वेळ उभे होते, आणि त्यांना ते कळतही नव्हतं.

"ओमतीवाला काय म्हणाला?"

"बेअरिंग!" मी ओरडले.

"चाक उचलून पाहिलं असंन. रिकाम्या गाडीचं." मामांनी हात झटकले. "भार टाकल्याशिवाय मागचं चाक खरं बोलत नाही. चल, शहपुऱ्याले जाऊ. मटर आणायचाच आहे."

आईने माझ्या हाताला असा चिमटा काढला की दोन दिवस वण होता.

शहपुरा

शहपुरा भोपाळच्या रस्त्यावर आहे, पाऊण तासाचं अंतर. मध्येच ती भेडाघाटची पाटी. मी सहज म्हटलं, "मामा, येताना थांबूया का?" त्यांना ऐकू आलं नाही, आणि आई म्हणाली, "गप चालव."

मामा मागच्या सीटवर बसले होते. बूट काढले, मोजे काढले, थंडीत अनवाणी पाय गाडीच्या तळाला टेकवले. हात सीटखाली. आणि मग सुरू झाली माझी परीक्षा. "साठवर ने. सोड आता. पुन्हा साठ. रस्ता रिकामा आहे, हळूच डावीकडे घे. आता उजवीकडे." मी नागमोडी जात होते आणि मागून येणारे ट्रक मला शिव्या देत होते. दर वेळी मामा फक्त "हं" म्हणायचे. अकरावीच्या तोंडी परीक्षेला मी मुलांना असंच "हं" म्हणते. त्याचा काय त्रास होतो ते मला तेव्हा कळलं.

शहपुऱ्याच्या बाजारात हिरव्या शेंगांचे ढीगच ढीग. सगळीकडे मटाराचा ओला वास. मामांनी शेंग फोडून दाणा चावला, नाक मुरडलं, पुढच्या ढिगावर गेले. चौथ्या ढिगावर मान डोलावली. दोन भरल्या गोण्या डिकीत आणि सीटवर चढल्या, मामा त्यांच्यामध्ये कसेबसे बसले, आणि पुन्हा तोच रस्ता तीन मैल पुढे, तीन मैल मागे. साठ, सोड, डावीकडे, उजवीकडे.

मग त्यांनी बाजाराच्या तोंडाशी एका चहाच्या टपरीशेजारी झाडाखाली गाडी थांबवायला सांगितली.

"बेरिंग नाही," ते म्हणाले.

"कशावरून?" आईने तोंड समोर नेऊन विचारलं.

"बेरिंग गेली असती तर वळताना आवाज बदलला असता. गाडी डावीकडं वळली का वजन उजव्या चाकावर येते. ते कण्हते. दुसरीकडं वळलं का गप होते. हे काही बदलून नाही राहिलं. रिकामी गाडी, भरली गाडी, डावं, उजवं, सारखंच रडून राहिलं." मग माझ्याकडे वळून, जरा लाजत म्हणाले, "पोरी, ती दांडी डिकीत आहे न? मागची चाकं उचल. पक्कं करून घेऊ."

जॅक मी लावला. हे मला येतं, आणि शहपुऱ्याच्या बाजारात बाईमाणसाने जॅक लावलेला पाहायला वीस-पंचवीस लोक जमले, हेही सांगते. मामा मटाराच्या गोणीवर बसले. दांडीची लोखंडी टोपी चाकाच्या मध्याला टेकवली, दुसरं टोक दातात धरलं. त्यांचे दात त्या जुन्या खड्ड्यांत बरोबर बसले. मी चाक फिरवलं. मामांनी डोळे मिटले आणि कितीतरी वेळ उघडले नाहीत. मग दुसरं चाक.

दांडी तोंडातून काढून ते म्हणाले, "बेरिंग सोनं आहे."

"दादा, ऐकू आलं तुले?" आई त्यांच्यासमोर खालीच बसली.

"कान गेले शकू," मामा म्हणाले. "हाडं थोडीच गेली?"

हे ते आईला म्हणाले, पण पहिल्यांदा ऐकत होते ते स्वतःच. त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. वर्षभर दांडी घरात होती आणि त्यांनी ती एकदाही दातात धरून पाहिली नव्हती. कान गेले म्हणजे सगळं गेलं, असं धरून बसले होते.

मग त्यांनी माझा हात धरून टायरवर ठेवला. "असा फिरव." फिरवला. गुळगुळीत. "आता उलटा." उलटा फिरवला आणि तळवा खरखरला, किसणीवरून फिरवल्यासारखा. आतल्या कडेला तर बोचलंच. दुसऱ्या मागच्या चाकालाही तसंच.

"टायर तिरपा घासला आहे. म्हणून रडते. पण मागचं चाक असं घासत नाही, असं घासते पुढचं." मामांनी माझ्याकडे पाहिलं. कारखान्यात नव्या माणसाकडे असंच पाहत असतील. "चाकं अदलाबदल केले काय तू?"

मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. वीस-पंचवीस लोक माझ्याकडे पाहत होते.

केली होती. निघायच्या आदल्या दिवशी, टायरच्या दुकानात तासभर उभी राहून. पुढची चाकं मागे, मागची पुढे, म्हणजे झीज सारखी होते, असं मीच त्या दुकानदाराला शिकवलं होतं. लांबच्या प्रवासाला निघतोय तर सगळं शास्त्रशुद्ध. आणि ओमतीत मुन्ना भैयाने नेमकं तेच विचारलं तेव्हा नाक वर करून म्हटलं होतं, काही नाही, गाडी फिट आहे. मी मान डोलावली.

"आजार पुढच्याचा होता," मामा म्हणाले. "कुठं खड्ड्यात आपटली असंन, पुढचं अंग वाकडं झालं. तू त्या टायरांना मागं नेऊन बसवलं, ते तिथं बसून रडून राहिले. अन् ओमतीवाला मागची बेरिंग बदलून राहिला."

रोग म्हशीला आणि औषध पखालीला. पखालच मी पुढे केली होती. पावसाळ्यात सिन्नरजवळ एक खड्डा असा बसला होता की आईच्या मांडीवरचा डबा उडाला होता, तोही आता आठवला. गर्दीतला एक म्हातारा शेतकरी पुढे आला, त्याने टायरवर असा हात फिरवला, तसा फिरवला आणि मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "सही कै रये दादा." मामांनी खिशातून खडू काढला. होय, त्यांच्या खिशात खडू होता. घरातून निघतानाच घेतला असणार. टायरवर जिथे बोचत होतं तिथे गोल काढला, आणि चाकाच्या मध्यावर, बेअरिंगच्या जागी, बरोबरची खूण.

मला आयुष्यात इतकं चुकल्याचा इतका आनंद कधी झाला नव्हता.

पुन्हा ओमती

दुपारी मुन्ना भैयाने बेअरिंगचे खोके समोर मांडून ठेवले होते. मी सगळं कबूल केलं, हिंदीत, म्हणजे जास्तच लाज वाटली. तो हसला नाही. खडूच्या गोलावर त्याने तळवा फिरवला, उलटा फिरवला. मग मामांकडे पाहत राहिला.

"दादा ने पकड़ा? हाथ से?"

"दाँत से," आई म्हणाली. तिची मान इतकी वर होती की मला भीती वाटली, छत लागेल.

पुढच्या चाकांची मापं त्याने मशीनवर घेतली. पडद्यावर लाल आकडे आले, मामा म्हणाले तसंच, पुढचं अंग वाकडं. मामांनी पडद्याकडे बघितलंही नाही. ते दुकानात उभ्या असलेल्या दुसऱ्याच एका गाडीच्या मागच्या चाकापाशी रेंगाळत होते, पत्र्यावर सहज हात ठेवून. मुन्ना भैयाने पुढची चाकं सरळ केली, खोके परत बांधले आणि सांगितलं की आवाज लगेच जाणार नाही, टायर बदलेपर्यंत घुमतच राहील, पण गाडी बिनधास्त न्या.

मग तो मामांजवळ गेला. "दादा, मंगल को एक गाड़ी आएगी. तीन बार आ चुकी है, आवाज़ पकड़ में नहीं आ रही. आप एक बार देख लेंगे?"

मामांनी त्याच्याकडे पाहून नुसतं हसल्यासारखं केलं. त्यांना ऐकू आलं नव्हतं. तेच हसू, आम्ही आलो त्या दिवशी पाहिलेलं; असा प्रसंग येऊ नये म्हणूनच ते वर्षभर घरात बसले होते. आई पुढे व्हायला लागली, मी तिचा हात धरला. मुन्ना भैयाला काय झालं ते कळलं. त्याने मामांच्या खिशातून डोकावणारा खडू मागून घेतला, खाली बसला आणि दुकानाच्या काळ्या फरशीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: मंगलवार, ११ बजे.

मामांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग गुडघ्यावर हात ठेवून वाकले, खडू घेतला आणि त्या अक्षरांपुढे बरोबरची खूण केली.

निघताना

सहाव्या दिवशी आम्ही निघालो. मधल्या दोन दिवसांत मामा एकदा विहारात जाऊन आले, आणि मामींनी सांगितलं की डब्यातली मशीन त्यांनी स्वतःहून लावून पाहिली. अजूनही कागदच चुरगळतो म्हणाले, पण अर्धा तास ठेवली. आईशी त्यांचा करार झाला. फोन नाही, रोज रात्री मोबाइलवर लिहायचं. आई म्हणाली, लिहायला तूच शिकवलं होतंस मला, आता चुका काढू नकोस.

डिकीत मामींनी सोललेल्या मटाराचा डबा, खव्याच्या जिलेब्या आणि ज्वारीच्या पापडांची, बिबड्यांची पिशवी कोंबली होती. गल्लीतली चार माणसं फाटकाशी आली. मी डिकी लावायला गेले तेवढ्यात मामा म्हणाले, "थांब."

त्यांनी डबा उचलला, पिशवी बाजूला केली, आणि खाली ठेवलेली दांडी ओढून काढली. आपल्या कडक इस्त्रीच्या बाहीने तिचं दातांकडचं टोक पुसलं आणि ती काखेत धरली.

"हे तुले देत नाही," ते म्हणाले. "मंगळवारी लागते मले."